शेवटच्या शिडीखालची हुडहुडी: कळसूबाईवरचं एक प्रकरण

जुलैतला शनिवार, कसाऱ्याची शेवटची लोकल, तिथून जीपने बारी गाव आणि पहाटेच्या अंधारात कळसूबाईची चढाई. मुंबई-ठाण्याकडच्या भटक्यांना हा बेत तोंडपाठ असतो. या प्रकरणातला मुलगा पंचविशीचा, रोज जिमला जाणारा, चांगला धडधाकट. पाऊण डोंगर त्याने हसत-खेळत चढला आणि शेवटच्या शिडीखाली, रांगेत उभा असताना, त्याचं अंग त्याच्या ऐकण्यात राहिलं नाही. अंगावरचे कपडे आणि उभं राहायला लागलेला वेळ, या दोन गोष्टींनी त्याला तिथपर्यंत आणलं. मी त्या दिवशी ग्रुपच्या शेवटी, म्हणजे टेलला होतो, त्यामुळे बराचसा प्रकार डोळ्यांसमोर घडला. बाकीचं खाली उतरल्यावर त्याच्याकडून आणि त्याच्या सोबत्यांकडून विचारून घेतलं.

अंगावर काय होतं

आत सुती बनियन, त्यावर सुती गोल गळ्याचा टी-शर्ट. खाली जीन्स. वरून बाईकवर घालायचा जाड रबरी रेनकोट, फक्त वरचा भाग. पँट "चालताना अडकते" म्हणून घरी ठेवलेली. पायात स्पोर्ट्स शूज आणि सुती मोजे. डोक्याला काही नाही, रेनकोटची टोपी सोडली तर. सॅकमध्ये एक सुती हुडी आणि एक टी-शर्ट, सॅकवर रेनकव्हर.

म्हणजे त्याच्याकडे कपडे कमी नव्हते. मोजायला गेलं तर पुस्तकात सांगतात ते तीन थर भरत होते: आतला, मधला, बाहेरचा. ग्रुपने आदल्या आठवड्यात पाठवलेल्या यादीत "एक्स्ट्रा कपडे" आणि "रेनकोट" असे दोन शब्द होते, आणि त्याने ती यादी प्रामाणिकपणे पाळली होती.

बारी ते विहीर

गावातून निघताना रिमझिम होती आणि गारवाही जाणवत होता. लोकलमध्ये दाराशी बसून आलेले सगळेच थोडे आखडलेले. त्याने तिथेच रेनकोट घातला, चेन गळ्यापर्यंत ओढली आणि निघाला. बारीपासून माथ्यापर्यंत आठ-नऊशे मीटरची चढाई आहे आणि सुरुवातीचा शेताडीचा पट्टा संपला की वाट श्वास घेऊ देत नाही. रबरी रेनकोटातून पाणी आत येत नाही हे खरं, पण वाफही बाहेर जात नाही. अर्ध्या तासात त्याचं बनियन आणि टी-शर्ट दोन्ही घामाने निथळत होते. बाहेर नुसती भुरभुर, आणि हा आतून चिंब.

गरम झालं म्हणून पुढच्या टप्प्यावर त्याने रेनकोट काढला आणि कमरेला बांधला. तिथून पुढे पावसाने जोर धरला. "भिजलोच आहे, आता काय" असं म्हणून तो तसाच चढत राहिला. चढत असेपर्यंत त्याला थंडी वाजली नाही, उलट मजाच वाटत होती. पहिल्या शिड्या तो सगळ्यांच्या पुढे चढून गेला.

शेवटच्या शिडीच्या अलीकडे विहीर आहे, तिथे थोडी मोकळी जागा आणि एक-दोन टपऱ्या. पावसाळ्यातल्या रविवारी सकाळी इथून पुढे रांग लागते, कारण माथा लहान, शिडी एक, आणि उतरणारेही तीच वापरतात. त्या दिवशी रांग हलतच नव्हती. वारा मात्र सगळ्या बाजूंनी. खाली बारीला २२-२३ अंश असेल तर १६४६ मीटरवर चार-पाच अंश कमी धरायचे, म्हणजे १८ च्या आसपास. घरी एवढ्या तापमानाला आपण फार तर पंखा बंद करू. इथे अंगावर ओलं सुती कापड, समोरून पश्चिमेचा मोकाट वारा आणि चालणं बंद.

पाऊण तास ही रांग चालली. पहिल्या दहा मिनिटांत त्याने रेनकोट परत चढवला, पण आतलं सगळं ओलंच होतं. मग हुडहुडी भरली. सोबतचे चेष्टा करत होते, तोही हसत होता. मग हसणं बंद झालं. हेल्मेट नको म्हणून नुसता हेडलॅम्प लावलेला होता, तो काढायला गेला तर पट्ट्याचं बक्कल त्याला सुटेना. मी मागून पोचलो तेव्हा तो रेलिंगला टेकून गप्प उभा होता.

"काय रे, ठीक आहेस ना?"

"हो दादा. वर जाऊन फोटो काढू आणि उतरू."

वाक्य बरोबर होतं, पण शब्द एकमेकांत घुसत होते. मी त्याला म्हटलं, अंगठ्याला करंगळी लावून दाखव. डाव्या हाताने जमलं नाही. उजव्याने दोनदा हुकलं. ही तपासणी फार जुनी आणि फुकटची आहे, आणि माणूस "मी ठीक आहे" म्हणत असताना तिच्यावर विश्वास ठेवावा, माणसावर नाही.

टपरीच्या ताडपत्रीआड

रांगेतून काढून त्याला विहिरीजवळच्या टपरीत आणलं. टपरीवाल्या मावशींनी एका नजरेत ओळखलं. "आधी त्याला आत घ्या, वारं लागतंय. चहा मागनं देते." बसायला त्यांनी कोरडी गोणी दिली, ती चहाइतकीच कामाची ठरली, ओल्या दगडावर टेकलं की अंगातली ऊब खालून जाते, आणि पाण्यातून उष्णता हवेच्या मानाने पंचवीसेक पट वेगाने वाहते.

मग त्याची सॅक उघडली. रेनकव्हर व्यवस्थित बसवलेलं होतं, तरी आतली हुडी पिळण्याजोगी ओली. रेनकव्हर सॅकच्या बाहेरच्या अंगाला असतं. पाठीला लागणारी बाजू उघडीच राहते. मानेवरून, खांद्याच्या पट्ट्यांवरून ओघळलेलं पाणी आणि पाठीचा घाम दोन्ही त्याच बाजूने आत उतरतात. आत प्लॅस्टिकची पिशवी नसेल तर चार तासांच्या पावसात सॅकमध्ये कोरडं काही उरत नाही. त्याचे "एक्स्ट्रा कपडे" पाठीवरून वाहून आणलेलं पाणी होते.

माझ्या सॅकमधला जोड कामाला आला. वरचे दोन्ही ओले कपडे उतरवले, पंच्याने अंग टिपलं, चोळलं नाही. कोरडा टी-शर्ट, फ्लीस (मऊ, उबदार कृत्रिम कापडाचं जॅकेट), डोक्याला कानटोपी आणि वरून त्याचाच रबरी रेनकोट. जो कोट सकाळी गुन्हेगार होता तोच आता उपयोगी पडला, कारण आत कोरडं होतं, मुलगा बसलेला होता आणि वारा अडवायचा होता.

जीन्सने दमवलं. ओल्या डेनिमचं काज आवळलं जातं आणि बधिर बोटांना ते बटण म्हणजे कुलूपच. त्याचं त्याला सुटेना, शेवटी दुसऱ्याने सोडलं, आणि गुडघ्यापाशी चिकटलेली पँट दोघांनी मिळून ओढून काढली. ट्रॅकपँट चढवली. कोरडे मोजे, त्यावर प्लॅस्टिकच्या पिशव्या, मग परत तेच ओले बूट. आदल्या रात्री कसाऱ्याला खाल्लेल्या वडापावानंतर त्याच्या पोटात काही गेलं नव्हतं. दोन कप भरपूर साखरेचा चहा आणि हळूहळू चिक्की. हुडहुडी म्हणजे स्नायूंनी केलेलं कामच असतं, आणि ते रिकाम्या पोटी फार वेळ चालत नाही.

शरीराचं तापमान मोजलं नाही. ३५ अंशांच्या खाली गेलं की वैद्यकीय भाषेत हायपोथर्मिया. जोरदार हुडहुडी, अडखळतं बोलणं, हाताचा ताबा जाणं आणि तरीही शुद्धीवर असणं, ही त्याच्या पहिल्या पायरीची लक्षणं. निर्णय तेवढ्यावर घ्यायचा असतो. तो गिळू शकत होता, प्रश्नांची उत्तरं देत होता आणि थरथरत होता, म्हणून चहा दिला आणि पुढे चालवत नेला. थंड पडलेला माणूस थरथरायचा थांबून गुंगायला लागला असता तर सगळंच बदललं असतं: आडवं ठेवायचं, चालवायचं नाही, तोंडाने काही द्यायचं नाही, हातपाय चोळायचे नाहीत आणि खालून मदत बोलवायची.

अर्ध्या-पाऊण तासाने बोलणं सुधारलं, करंगळी अंगठ्याला लागायला लागली. माथा पंचवीस-तीस मिनिटांवर होता. तो म्हणाला, "एवढं आलोय तर..." त्याला वर नेलं नाही. दोघं त्याच्यासोबत उतरलो, बाकी ग्रुप दर्शन घेऊन मागून आला. निम्म्या वाटेत त्याने स्वतःच फ्लीसची चेन उघडली. बारीला पिठलं-भाकरी खाताना तो पूर्ववत होता, फक्त मांड्या दुखत होत्या.

उष्णतेचा हिशेब

शांत उभ्या माणसाचं शरीर साधारण १०० ते १२० वॉट उष्णता तयार करतं. सॅक घेऊन चढ चढताना ती ५००-६०० वॉटच्या घरात जाते. म्हणजे रांगेत थांबल्या क्षणी त्याची भट्टी एक पंचमांशावर आली आणि खर्च तोच राहिला, किंबहुना वाऱ्याने वाढला. भिजलेल्या टी-शर्टमध्ये आणि जीन्समध्ये मिळून अर्धा लीटर पाणी धरलं, तर ते पूर्ण सुकवायला सुमारे १२०० किलोज्यूल, म्हणजे जवळजवळ ३०० किलोकॅलरी लागतात. धुक्यात सगळं पाणी उडत नाही आणि लागणारी सगळी उष्णता अंगातूनच जाते असंही नाही. पण त्वचा आसपासच्या हवेपेक्षा गरम असल्यामुळे उडणं थांबतही नाही, आणि वरून पाऊस नवीन पाणी पुरवत राहतो.

याची नोंद साठ वर्षांपूर्वीच झालेली आहे. १४-१५ मार्च १९६४ ला इंग्लंडमधल्या डर्बीशायरमध्ये 'फोर इन्स' नावाची ४५ मैल चालण्याची स्पर्धा झाली. निघाले २४०, पूर्ण केली २२ जणांनी, तीन तरुण दगावले. पाऊस, जोराचा वारा आणि शून्याच्या थोडं वरचं तापमान, एवढाच तिथला मामला होता. १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेत असलेले शरीरक्रियाशास्त्रज्ञ ग्रिफिथ प्यू यांनी त्या घटनेचा अभ्यास केला आणि पुढे प्रयोगशाळेत तसेच कपडे ओले करून, वाऱ्यात माणसांना श्रम करायला लावून पाहिलं. ओलं आणि वारा एकत्र आले की कपड्यांची ऊब धरायची ताकद जवळजवळ संपते, हे त्यात दिसलं. त्याहून महत्त्वाचं दिसलं ते हे, की जोरात चालणारा माणूस त्याच ओल्या कपड्यांत तग धरतो. दमून त्याचा वेग पडला की तापमान घसरायला लागतं. कळसूबाईवर १८ अंश होते, डर्बीशायरच्या मानाने उन्हाळाच म्हणायचा, म्हणून आपल्याकडचं प्रकरण चहा-चिक्कीवर निभावलं. आणि आपल्या मुलाचा वेग दमून पडला नव्हता, रांगेने पाडला होता. शरीराला दोन्ही सारखंच.

तीन थर, पण कुठले आणि कधी

आपल्याकडे फिरणाऱ्या याद्या बहुतेक हिमालयातून आलेल्या असतात. डिसेंबरात केदारकंठाला त्या बरोबर लागू पडतात: थंडी कोरडी, बर्फ झटकलं की पडतं, अंगालगतचा थर घाम ओढतो, फ्लीस किंवा डाऊन, म्हणजे पिसं भरलेलं, जॅकेट ऊब धरतं, वरचा थर वारा अडवतो. तेच डाऊन जॅकेट सह्याद्रीच्या पावसात आणलं तर पिसं गोळा होऊन बसतात आणि त्याची किंमत आठवून रडू येतं.

जुलैच्या सह्याद्रीत चढताना कोरडं राहता येत नाही, हे एकदा मान्य करून टाकावं. पावसाने नाही तर घामाने भिजणार. श्वास घेणारे महागडे रेनकोटसुद्धा इथे अडखळतात. आतली वाफ बाहेर जायला आत-बाहेर वाफेच्या दाबात फरक लागतो, आणि शंभर टक्के दमट, कोमट हवेत तो फरक फार उरत नाही. शिवाय वरच्या कापडाचा पाणी झटकणारा लेप झिजला की कापड भिजून बसतं आणि उरलीसुरली वाटही बंद. असा कोट वाईट असतो असं नाही. पण तो घेतला म्हणजे आतून कोरडं राहू, ही समजूत चुकीची आहे. काखेत चेन असलेला साधा कोट मला इथे जास्त उपयोगी वाटतो.

म्हणून चढतानाचा जोड भिजण्यासाठीच निवडायचा. पॉलिएस्टरच्या, म्हणजे आपल्या भाषेत ड्रायफिटच्या, धाग्यात पाणी जवळपास शिरत नाही. ते धाग्यांच्या मधे राहतं, पिळलं की बरंचसं निघतं, उरलेलं अंगाच्या उबेने सुकतं. खाली पातळ ट्रॅकपँट. जीन्स नको, हे सगळेच सांगतात. मी म्हणेन सुती बनियनही नको, कारण ते कुणाच्या डोळ्यांना दिसत नाही आणि दिवसभर छातीला ओलं चिकटून राहतं.

त्याच रांगेत आमच्या ग्रुपमधले एक निवृत्त काका होते, साठीच्या आसपासचे. अंगात पुतण्याची जुनी फुटबॉलची जर्सी, खाली हाफपँट. ते त्या मुलाइतकेच भिजले होते. पण रांग दिसल्याबरोबर, थंडी वाजायच्या आधी, त्यांनी पातळ विंडचिटर चढवला, खिशातल्या प्लॅस्टिकच्या पिशवीतून लोकरीची कानटोपी काढली, आणि पाऊण तास जागच्या जागी पावलं आपटत, गूळ-शेंगदाणे खात उभे राहिले. पोरं हसत होती त्यांना. विंडचिटरचं वजन फार तर दोनशे ग्रॅम असेल. मुलाच्या अंगावर त्यांच्या चौपट कापड होतं.

आणि वर उभे राहणारे खरे जाणकार तर तिथलेच. पावसात गुरांमागे तासन्‌तास एका जागी थांबणारा गुराखी घोंगडीची खोळ डोक्यावरून घेतो. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शाइतकी वाफ पोटात घेते तरी हाताला ओली लागत नाही, आणि भिजल्यावरही तिच्या कुरळ्या धाग्यांत हवा अडकलेली राहते. घोंगडी जड होते, वास मारते, हे मान्य. भात लावणाऱ्या बाईच्या पाठीवरचं इरलं याच्या उलट कामाचं: कामट्या आणि पानांचं ते छप्पर अंगाला चिकटत नाही, खालून सगळं मोकळं, त्यामुळे वाकून काम करताना घाम कोंडत नाही. थांबणाऱ्याला खोळ, राबणाऱ्याला इरलं. आता दोन्हींच्या जागी बहुतेक ठिकाणी प्लॅस्टिकचा कागद आलाय, आणि मावशींच्या टपरीवरही तोच होता.

यादीत काय बदललं

या प्रकरणानंतर ग्रुपच्या यादीतून "एक्स्ट्रा कपडे" हा शब्द गेला. त्या जागी आलं: एक कोरडा जोड, कचऱ्याच्या जाड पिशवीत गाठ मारून, सॅकच्या तळाशी. त्यात टी-शर्ट, फ्लीस किंवा लोकरीचा स्वेटर, ट्रॅकपँट, मोजे, कानटोपी. हा जोड चालताना घालायचा नाही, वाटेत कितीही मोह झाला तरी. मुक्कामावर किंवा कुणी गारठलं तरच गाठ सोडायची. सकाळी परत ओले कपडे घालून निघायला जीव नको म्हणतो, पण मुक्कामी ट्रेकला तेच करावं लागतं. कोरडा जोड दहा मिनिटांच्या चढासाठी वाया घालवायचा नाही.

बारीला निघताना आता लीड, म्हणजे ग्रुप नेणारा, सगळ्यांचे कोट उतरवायला लावतो. थोडं कुडकुडतच निघायचं, पंधरा मिनिटांत अंग तापतं. मुसळधार असेल तर कोट ठेवा, पण चेन उघडी. आणि थांबायच्या आधी वाऱ्याचा थर चढवायचा, थांबल्यावर नाही. टेलला असणाऱ्याकडे एक जास्तीचा जोड कायम. शिडीखाली रांग दिसली तर विहिरीपाशीच आडोशाला थांबायचं, नाहीतर दर्शन न घेता वळायचं. पावसाळ्यातल्या रविवारी हे दर दोन-तीन वेळांतून एकदा घडतंच. शनिवार-रविवार सोडून जाणं हा सगळ्यात सोपा उपाय आहे, पण नोकरदार मंडळींना तो सांगून उपयोग नाही.

पोंचोवरही बंदी आली, निदान शिड्यांपुरती. सॅकसकट झाकतो म्हणून तो लोकांना आवडतो, खालून हवा खेळते म्हणून घामही कमी. पण वाऱ्यात त्याचं शीड होतं आणि शिडीवर खालची पायरी दिसत नाही. काकांच्या छत्रीचा वाद मात्र अजून चालू आहे. शेताडीतून पहिल्या टपरीपर्यंत त्यांनी छत्री वापरली होती आणि तिथवर ते खरोखर कोरडे होते. लीडला ती ट्रेकवर शोभत नाही असं वाटतं. काका म्हणतात, "मला शोभा नको, बनियन कोरडं हवं." यादीत छत्रीच्या पुढे सध्या 'ऐच्छिक' असं लिहिलेलं आहे.